होकाराचा कागद

१

चिटणीसबाईंनी दार आतून लावून घेतलं, तेव्हाच नोएमीला कळलं, काहीतरी बिघडलंय. वर्ना ओकुबो गेली कित्येक वर्षं ट्रेस आलामोसच्या नगरपालिकेत चिटणीस होत्या, आणि त्यांच्या खोलीचं दार बंद असलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या.

"उभीच बरी आहे मी."

"बस म्हणते ना, नोएमी."

ती बसली. फोन मांडीवर सुलटा ठेवला. घरून अप्पांचा फोन आला तर लगेच दिसायला हवा. सकाळी शाळेच्या खांबावर लाल झेंडा चढला होता. म्हणजे आज हवा इतकी वाईट, की लहान मुलांना बाहेर सोडायचं नाही. तिच्या लेकीला, झुलेमाला, पहाटेपासूनच दम्याची धाप लागत होती.

"हरकती आल्यात," वर्ना म्हणाल्या.

"होव्सेप सोनारांची ना? ती दरवर्षी येते. आली नाही तर मीच त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला जाईन."

वर्ना हसल्या नाहीत. "त्याची आहेच. पण या वेळी ती एकटी नाही."

ऑलिव्ह स्ट्रीटवरचे दुकानदार वर्षाकाठी पेठपट्टी भरत. त्यातून रस्ता झाडला जाई, दिवे लागत, कुंड्यांना पाणी मिळे, दुकानं बंद झाल्यावर पोरीबाळींना गाडीपर्यंत सोडायला एक माणूस मिळे. आणि हे सगळं सांभाळणाऱ्या पेठ मंडळाच्या एकुलत्या एक नोकरदाराचा, म्हणजे नोएमीचा, पगारही त्यातूनच निघे. ही पट्टी दर जूनमध्ये नव्याने मंजूर करावी लागे. कॅलिफोर्नियाचा नियम मोठा गमतीचा. पट्टी हवी असेल त्याने काही करायचं नाही. गप्प बसायचं; गप्प बसणं म्हणजेच होकार. नको असेल त्याने सही करून हरकतीचा कागद द्यायचा. आणि हरकत घेणाऱ्यांची पट्टी मिळून एकूण पट्टीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर खेळ खलास. वर्षभर पट्टी नाही, मंडळ नाही.

"किती?" नोएमीने विचारलं.

"निम्म्याच्या वर. बऱ्यापैकी वर." वर्नांनी आवाज उतरवला. "ब्रुम फर्निचर. हॉलिस हार्डवेअर. सिनेमावाले. दोन्ही औषधांची दुकानं..."

"शक्यच नाही!"

"...आणि तुझी ती बेकरीवाली, जी तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला केक फुकट देते."

नोएमीला वाटलं, बाई दुसऱ्याच कुठल्या गावाबद्दल बोलतायत.

"मंगळवारी सगळे एकगठ्ठा हरकतींच्या पेटीत पडले," वर्ना म्हणाल्या. "मजकूर एकाच्या हातचा, सह्या वेगवेगळ्या. आणि त्याआधी काउंटरवरचा हरकतीच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा कुणीतरी मागून नेला. मी रजेवर होते. बदली मुलीला चेहरा आठवत नाही. फार अदबीने बोलला, दोनदोनदा आभार मानले, एवढंच तिच्या लक्षात आहे."

"मला बघू देत ते कागद."

"सुनावणी उघडेपर्यंत ते कुणाला दाखवता येत नाहीत. नावं सांगितली हेसुद्धा कळलं, तर मला घरी बसावं लागेल. तू कुणालाही 'तुमचा कागद पालिकेत आहे' असं म्हणायचं नाहीस. शपथ घे. मुलीची."

"मुलीची नाही घेत मी," नोएमी पटकन म्हणाली. "तशीच घेते."

पट्टीची सुनावणी त्याच संध्याकाळी होती. दुपार हातात होती.

२

ती आधी घरी गेली. कामं कितीही असोत, मधे एकदा जाऊन झुलेमाचा श्वास ऐकल्याशिवाय तिचा दिवस पुढे सरकत नसे.

पोर सोफ्यावर बसली होती, तोंडाला वाफेचा मुखवटा, डोळे टीव्हीकडे. नोएमीने तिच्या फ्रॉकच्या आत हात घातला. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. फार नाही, पण जात होती. पेठ मंडळाचा पगार बेताचाच होता, पण विमा पालिकेच्या पटावरचा होता. त्या विम्यावर हे यंत्र आलं, त्या विम्यावर दर महिन्याचं औषध येई, आणि दोनदा मध्येच श्वास अडकला तेव्हा फ्रेझ्नोच्या इस्पितळात पोर जिवंत राहिली तीही त्याच्यावरच. नवरा अबुंदिओ दुसऱ्याचा ट्रक चालवायचा; त्याला विमा कुणी देत नव्हतं. पट्टी गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की विमा. त्यापुढचा विचार ती करत नसे. विचार तिला सोडत नसे, ती गोष्ट वेगळी.

"आलीस? खाऊन जा," अप्पा स्वयंपाकघरातून म्हणाले.

तिचे वडील, हेलिओदोरो बार्रागान. अख्खी पेठ त्यांना आदराने डॉन हेलिओ म्हणे. तरुणपणी ते मनुकांच्या मळ्यात राबले, नंतर ऑलिव्ह स्ट्रीटवर चपला-बूट शिवायचं दुकान टाकलं, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ते बंद केलं. आता नात सांभाळत. भिंतीवर त्यांचा एक फोटो होता, जुन्या नगराध्यक्षांशी हात मिळवतानाचा. पेठ मंडळ स्थापन व्हायचं होतं तेव्हा निम्म्याहून जास्त दुकानदारांच्या होकाराच्या सह्या लागत होत्या, आणि त्या दारोदार फिरून अप्पांनी आणल्या होत्या. त्या फोटोवर धूळ कधी दिसली नाही.

"तोंड का उतरलंय?" त्यांनी विचारलं. हाताने ते परसातल्या वेलाच्या मनुका कागदात बांधत होते. दोन्ही टोकं आत दुमडली, राहिलेली कड खाली खोचली. मळ्यात द्राक्षं कागदावर पसरून सुकवत, आणि सुकली की खालचा कागद असाच वळायचा. वारा सुटला तरी दाणा सांडत नाही. त्यांच्या हाताला दुसरी घडी माहीतच नव्हती. पोळीसुद्धा ते तशीच गुंडाळत.

"काही नाही. सुनावणी आहे ना."

"मग? काळजी कसली करतेस? काही होत नाही." ते मिशीत हसले. "म्हातारा अजून जिवंत आहे."

सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. अप्पा, सगळं बुडालंय म्हणून. पण त्यांच्या छातीचं दुखणं तिला ठाऊक होतं, आणि त्या हसण्यावर पाणी ओतायचं तिच्या जिवावर आलं. तिने मनुकांची एक पुडी पर्समध्ये टाकली आणि निघाली.

त्या वेळी तिने तोंड उघडलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

३

ल्युर्देस ब्रुम दुकानातल्या सर्वांत महागड्या खुर्चीत बसून वारा घेत होत्या. पेठेतली सर्वांत मोठी पट्टी त्यांची, आणि सर्वांत मोठा आवाजही.

"ये गं बाई! पोर कशी आहे? आणि तू अशी का सुकलीस? नवरा खायला घालतो की नुसता ट्रक फिरवतो?"

नोएमीने कसंबसं हसून घेतलं. शपथ आडवी होती. कागदाचं नाव काढायचं नव्हतं. "ल्युर्देसमावशी, एक विचारू? पेठेत कुणाचं माझ्याबद्दल काही वाकडं आहे का? माझ्या कामाबद्दल?"

"तुझ्याबद्दल? कोण बोललं? नाव सांग, जीभ हासडते!"

"कुणी नाही. सुनावणी आहे, म्हणून आपलं..."

ल्युर्देसमावशींनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग त्यांनी डोळा मारला. साठी उलटलेल्या त्या धिप्पाड बाईने चक्क डोळा मारला. "सुनावणीची काळजी तू करूच नकोस. घरी जा, पाय वर करून झोप. मला अजून एक शब्दही बोलायचा नाही." आणि त्यांनी गल्ल्याशेजारच्या उघड्या पुडीतल्या चार मनुका तोंडात टाकल्या, जणू तोंडाला कुलूप लावलं.

ही बाई माझ्या तोंडावर हसते आणि पाठीत सुरा खुपसते? नोएमी बाहेर आली तेव्हा रस्त्यावर डांबर वितळत होतं.

हॉलिस हार्डवेअरचा ड्वाइट हॉलिस मोजकं बोलणारा. त्याच्या काउंटरवर खिळ्यांच्या खोक्याशेजारी मनुकांची पुडी होती. बोलता बोलता त्याने तीच तिच्यापुढे सरकवली. नोएमीने न बघता दोन मनुका उचलल्या. अप्पा वाटतच असत. पेठेत त्यांची पुडी नसलेला काउंटर सापडणं कठीण.

"ड्वाइटकाका, या वर्षी पट्टी डोईजड होतेय का तुम्हाला?"

"पट्टी कुणाला डोईजड होत नाही?" ड्वाइट म्हणाला. "पण तो रात्रीचा माणूस माझ्या मुलीला गाडीपर्यंत सोडतो. त्याच्या आधीचं एक वर्ष मला आठवतं." त्याच्या मुलीचं काय झालं होतं ते पेठ जाणून होती. "त्या माणसासाठी मी दुप्पट देईन."

"मग तुम्ही आमच्या बाजूने आहात."

"हे काय विचारणं झालं?" तो लालसर झाला, आणि खिळे मोजायला लागला. "जा आता. मला बोलायला लावू नकोस. शब्द दिलाय."

"कुणाला?"

ड्वाइटने मान हलवली.

बेकरीत तेच. औषधांच्या दुकानात तेच. सगळे तिच्याकडे बघून हसत होते, गालाला हात लावत होते, काही ना काही लपवत होते. कुणीतरी यांना शब्दात बांधलं होतं. कोणी? इतक्या लोकांची जीभ एकाच वेळी कोण बांधू शकतं?

पेठेच्या टोकाला एकच दुकान उरलं होतं, होव्सेप सोनारांचं.

४

होव्सेप मार्दिरोस्यान डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात बघत होते. मान वर न करता म्हणाले, "या, पेठेच्या महाराणी. वसुली आज लवकर?"

"तुम्ही हरकत दिलीत?"

"दिली. चर्चला जातो तितक्याच नेमाने देतो."

"पण का, होव्सेपकाका? काय वाईट केलंय पेठेने तुमचं?"

"झाड लावलंत दारात. त्यावर पाखरं बसतात, आणि माझ्या पाटीवर आपला अभिप्राय सोडून जातात." त्यांनी भिंग काढलं. डोळा लाल होता, आणि त्यात गंमत नव्हती. "गप्प बसला म्हणजे हो म्हणाला, असं धरणारे कायदे मला आवडत नाहीत. माझे आजोबा कत्तलीच्या वेळी ज्या गावातून जीव घेऊन पळाले, तिथेही सगळे गप्पच होते. म्हणून मी वर्षातून एकदा बोलतो. तेवढंच."

"किती कागद दिलेत या वर्षी?"

"माणूस एक, दुकान एक, कागद एक."

"पालिकेतून कोऱ्या कागदांचा गठ्ठा गेलाय. कुणी नेला?"

होव्सेप हसले. "म्हणजे या वर्षी मला सोबत मिळाली तर! तरी म्हटलं, तू माझ्या दारात कशी? मला काय ठाऊक कुणी नेला. नाही म्हणायचं असेल, तर काउंटरवर जा, कागद मागा, हसत देतात. होकाराचा कागद एकदा मागून बघ. असा कागदच नसतो पोरी. मागितलास तरी हातात हरकतीचाच पडेल."

तिने ते ऐकलं, आणि सोडून दिलं. तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. सराईत, स्थिर, बारीक अक्षर कोरणारे हात. अंगठीच्या आत नावं कोरणारे.

"लोक मला तिरसट म्हणतात," होव्सेप पुन्हा घड्याळात डोकावले. "म्हणू देत. पण सगळ्या पेठेला मनुका वाटल्या या आठवड्यात, मला तेवढं वगळलं. मी काय तुझ्या म्हाताऱ्याचं घोडं मारलंय?"

"अप्पा तुम्हाला ओळखून आहेत," ती फणकाऱ्याने म्हणाली.

बाहेर पडता पडता तिच्या डोक्यात सगळं जुळलं. हरकतीचा कागद कुठे मिळतो, कसा भरतात, कधी टाकतात, हे पेठेत एकाच माणसाला ठाऊक आहे. बाकीच्यांनी तो कागद जन्मात पाहिलेला नाही. दुकानदार मनापासून आपल्या बाजूचे आहेत. म्हणजे सह्या त्यांच्या नाहीत. सह्या कोरल्या आहेत. आणि कोरणारा हात तिने आत्ताच पाहिला होता.

५

सुनावणीच्या सभागृहात खुर्च्या भरपूर होत्या आणि माणसं नव्हती. दरवर्षी हे असंच. ज्यांना पट्टी हवी ते येत नाहीत. यायची गरजच काय? मागच्या रांगेत होव्सेप, पुढे नोएमी, कोपऱ्यात वारा खायला आलेलं एक म्हातारं जोडपं. समोर नगरसेवक. वर्ना ओकुबोंच्या पुढ्यात कुलूप लावलेली पेटी.

वर्नांनी उभं राहून आकडा वाचला. नगराध्यक्षांनी भुवया चढवल्या. "निम्म्याच्या वर? ट्रेस आलामोसमध्ये?" मग त्यांनी नोएमीकडे पाहिलं. "मंडळाच्या बाईंना काही म्हणायचंय?"

नोएमी माईकपाशी गेली. "या सह्या खोट्या आहेत. मी आज दुपारी प्रत्येक दुकानात गेले होते. कुणीही आमच्या विरुद्ध नाही. हे एका माणसाचं काम आहे. हरकतीचा कागद ज्याला पाठ आहे, बारीक अक्षर ज्याच्या हातात बसलंय, आणि आमची पट्टी ज्याच्या डोळ्यांत खुपते, असा एकच माणूस आहे पेठेत. तो इथेच बसलाय."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. होव्सेप जागचे हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता फक्त, जुना, पिढीजात.

पालिकेचे वकील खाकरले. "सह्या खऱ्या की खोट्या, ते आम्ही इथे ठरवू शकत नाही. पण एक वाट आहे. सुनावणी बंद व्हायच्या आत सही करणाऱ्याने स्वतः येऊन हरकत मागे घेतली, तर ती मोजली जात नाही."

नगराध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. माणूस चांगला होता. "दुकानं जवळच आहेत. मी सुनावणी थोडा वेळ उघडी ठेवतो. त्यांना बोलावून आणता का? किती वेळ हवा तुम्हाला?"

नोएमीला तो प्रश्न पुढे आयुष्यभर ऐकू येणार होता.

"त्यांनी सह्या केल्याच नाहीत, तर मागे काय घेतील?" ती म्हणाली. "मला वेळ नको. मला चौकशी हवी!"

"चौकशी होईल. पोलिसांकडे देऊ. पण सुनावणी मग मला बंद करावी लागेल. चालेल?"

मागून होव्सेपचा आवाज आला. "पोरी, आधी कागद बघ."

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "चालेल," ती म्हणाली.

हातोडी पडली.

६

"आता बघता येतील तुला," वर्ना म्हणाल्या आणि पेटीचं कुलूप काढलं.

पहिलाच कागद नोएमीने उचलला आणि तो उघडायच्या आधीच तिला कळलं.

दोन्ही टोकं आत दुमडलेली. राहिलेली कड खाली खोचलेली. दाणा सांडणार नाही अशी.

तिने दुसरा उचलला. तिसरा. सगळे तसेच. घडी अशी बसली होती की वरचा मजकूर आत गेला होता आणि सहीची ओळ तेवढी बाहेर उघडी राहिली होती. एका कागदाच्या खाचेत मनुकेचं वाळकं देठ अडकलं होतं.

मग बाकीचं सगळं आपणहून येऊन उभं राहिलं. त्याला बोलवावं लागलं नाही. डोळा मारणाऱ्या ल्युर्देसमावशी. शब्द दिलेला ड्वाइट. लेकीला सांगू नका हं, तिला नंतर कळू दे, असं अप्पांनी बजावलं असेल. प्रत्येक गल्ल्यापाशी पुडी, आणि ज्याच्याकडे अप्पा गेलेच नाहीत त्या एकट्या होव्सेपकडे पुडी नाही. काउंटरवरचा अदबशीर माणूस: पेठेच्या वार्षिक पट्टीसाठी सह्या करायचे कागद मिळतील का, बाई? आभारी आहे, फार आभारी आहे. बदली मुलीने असतील ते कागद दिले. एकाच जातीचे असतात ते. इंग्रजी, बारीक टाइपातले. वर मथळा नुसता, 'वार्षिक आकारणीबाबत निवेदन'. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी दुकानांची नावं एकेका अक्षराने भरली असतील, झुलेमा झोपलेली असताना. आणि दुकानदारांनी वाचायचं कारणच काय होतं? डॉन हेलिओ स्वतः आणतोय, लेकीच्या नोकरीसाठी आणतोय. मागे मंडळ उभं राहिलं तेव्हाही त्यानेच आणले होते. तेव्हा सही म्हणजे होकार होता.

त्यानंतर नियम उलटा झाला होता, हे अप्पांना कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायचं काम कुणाचं होतं? पेठ मंडळाचं. म्हणजे तिचं. गेले काही दिवस जेवताना ती सहज म्हणायची, सह्या निम्म्याच्या वर गेल्या की संपलं. निम्मं आणि सह्या, एवढंच त्यांनी ऐकलं आणि ते उठून कामाला लागले.

"खोट्या आहेत का?" वर्नांनी हळूच विचारलं.

"नाही," नोएमी म्हणाली. "सगळ्या खऱ्या आहेत. वर्नाबाई, आत्ता बोलावते सगळ्यांना. धावत येतील. मागे घेतील!"

वर्नांनी पेटीचं झाकण लावलं. "सुनावणी बंद झाली, बाळ."

बाहेर ऊन अजून पिवळं होतं. होव्सेप आपल्या गाडीपाशी किल्ली शोधत होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी चुकले, काका. मला माफ करा."

"माफी आत मागायची होतीस. माईकसमोर." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, घड्याळाच्या पोटात बघावं तसं, आणि त्यांना बहुधा जे दिसायचं ते दिसलं. "कोण होतं?"

नोएमी बोलली नाही.

"असं." त्यांनी किल्ली फिरवली. "उद्या पेठ विचारील. आणि तूही गप्प बसशील. गप्प बसण्याचा अर्थ लोक काय घेतात, ते तुला माहीत आहे." ते आत बसले. काच खाली करून म्हणाले, "माझ्यासाठी काही बदलणार नाही म्हणा. फक्त आता मला टाळायला कारण सापडलं त्यांना."

गाडी गेली. ती थांबवायला नोएमीचा हात उठला नाही.

७

अप्पा पायरीवर बसले होते, झुलेमा त्यांच्या मांडीवर. पोरीचा श्वास पायरीपाशीच ऐकू आला. बारीक शीळ, जशी दाराच्या फटीतून येते. नोएमीने मनातल्या मनात घरातलं औषध आठवलं. किती शिल्लक आहे, किती दिवस ताणता येईल, कुठला डोस अर्धा करता येईल. आजवर हे हिशेब तिने भीतीपोटी केले होते. आता गरजेपोटी करावे लागणार होते.

अप्पांचा चेहरा नुसता उजळला होता. सणाला घालायचा पांढरा शर्ट त्यांनी अंगात चढवला होता.

"आता सांगू का? आता सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "दिले की नाही चिटणीसबाईंनी तुला माझे कागद?"

"बघितले मी, अप्पा."

"हॉलिसने तर वाचलासुद्धा नाही. म्हणाला, डॉन हेलिओ, तुमच्या लेकीसाठी कुठे सही करू तेवढं सांगा." त्यांनी नातीच्या पाठीवरून हात फिरवला. "पाय सुजले थोडे. पण माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं ना. मोजले का गं त्यांनी? म्हातारा आहे म्हणून बाजूला नाही ना टाकले?"

उद्या काहीतरी सांगावं लागणार होतं. कुणाचं तरी नाव घ्यावं लागणार होतं, आणि कुणाचं ते पेठेने ठरवून टाकलंच असेल. तिने झुलेमाला उचलून घेतलं. पोरीच्या बरगड्या तिच्या तळहाताखाली आत जात होत्या, वर येत होत्या.

"मोजले, अप्पा," ती म्हणाली. "एकूण एक मोजले."

म्हाताऱ्याने समाधानाने डोळे मिटले. मग शेजारची पुडी उचलून तिची कड पुन्हा नीट खाली खोचली.

"पुढच्या वर्षी होव्सेपकडेही जाईन," ते म्हणाले. "माणूस वाईट नाही तो. कुणी त्याला मागितलीच नसेल सही."